उणे तीनच्या डावीकडे

"शेड केलंय की मॅडम," रुपाली म्हणाली, तेव्हा मंदाकिनी मेश्रामला आधी रागच आला. चाचणीचे पेपर वाटले की दोन-चार जण टेबलाशी घोटाळणारच, अर्ध्या मार्कासाठी गळ घालणारच, त्यात नवीन काही नव्हतं. पण ह्या पोरीला ग्राफच्या अख्ख्या प्रश्नात भोपळा मिळाला होता, आणि भोपळा घेऊन भांडायला येणं म्हणजे जरा जास्तच झालं. मंदाकिनीनं चष्मा नाकावर वर सरकवला, पेपरवर पाहिलं. आडवा अक्ष, उभा अक्ष, पट्टीनं नीट आखलेले. पुढं कागद कोरा. "कुठे केलंयस? मनात?" ती म्हणाली. वर्ग खदखदून हसला. बिबवेवाडीच्या त्या ज्युनिअर कॉलेजात मेश्राम मॅडमचं तिरकं बोलणं पोरं घरी जाऊन सांगत, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते ठाऊक होतं, आवडतही होतं. "हितं की," रुपाली म्हणाली, "उणे तीनच्या डावीकडं." त्या 'उणे'लाही मागून कोणीतरी हसलं, इथं सगळे मायनस म्हणायचे. रुपालीनं टेबलावरून हात लांब केला आणि कागदावर बोट ठेवलं. मंदाकिनीला तिचा दंड दिसला, मनगट दिसलं, मनगटातली काचेची हिरवी बांगडी दिसली. बोटं दिसली नाहीत. मनगट संपत होतं आणि तिथं हातच संपत होता.

तिनं दचकून मान वळवली. आणि मान वळवली तशी कागदावर बोटं आली, नखं आली, उणे तीनवर ओढलेली उभी तुटक रेघ आली, आणि तिच्या डावीकडं थेट समासापर्यंत पेन्सिलीनं केलेलं दाट, तिरकं, एकसारखं शेडिंग आलं. इतकं दाट की ते न दिसायला माणूस आंधळाच हवा. तिनं मान सरळ केली, शेडिंग गेलं. परत वळवली, आलं. वर्गाला वाटलं असेल मॅडम नकारार्थी मान हलवताहेत. "ठेव पेपर इथे. बघते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला. पण रुपाली हलली नाही. "आज शेवटचाच दिवस हाय माझा इथला," ती म्हणाली. "उद्या आबा येणारेत मोठ्या सरांकडं, आर्ट्सचं करायला. तुम्हीच सांगितलं ना त्यांना. म्हणून म्हटलं, एकदा विचारावं, चुकलं तरी काय." मग, तक्रार नाही, राग नाही, बसचं वेळापत्रक सांगावं तशी ती म्हणाली, "मी रोज हात वर करते मॅडम. तुम्ही आमच्या साइडला बघतच न्हाई."

मुलींचे बाक मंदाकिनीच्या डाव्या हाताला होते. पहिल्यापासूनच तिकडं होते.

स्टाफरूममध्ये सुदैवानं कोणी नव्हतं. ती खुर्चीत बसली आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघू लागली. काट्यांच्या मधोमध नजर ठेवली तर बारा होते, एक होता, तीन होते, पाच होते. सात, आठ, नऊ, दहा कुठंच नव्हते. तिनं डावा डोळा हातानं झाकला. तेच. मग उजवा झाकला. डावाच डोळा उघडा, निदान आता तरी डावीकडचं दिसायला हवं! तेच. म्हणजे डोळ्यांत काही नव्हतं. दोन्ही डोळे बिचारे आपापलं काम करत होते. बिघाड होता तो त्यांच्याही मागं, आत कुठंतरी, जिथं ती स्वतः बसलेली असायची. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे तिथं काळोख नव्हता. पडदा नव्हता, धुकं नव्हतं. काही असतं तर माणूस म्हणेल तरी, की बाबा इथं काहीतरी आलंय. नाहीसं झालेलं असं नाहीसं झालं होतं की त्याची जागासुद्धा शिल्लक नव्हती. जग एवढंच आहे असं वाटत होतं आणि ते पुरतही होतं. किती दिवस पुरत होतं? तिनं जीभ चावली. जून महिन्यात, कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हा एका दुपारी डोकं असं दुखलं होतं की भिंतीला धरून घरी आली. उलटी झाली. पित्त, दुसरं काय! लिंबू-साखरेचं पाणी घेतलं, अंधार करून झोपली, संध्याकाळी उठून चहा टाकला. पूर्वा म्हणत होती डॉक्टरकडं जाऊ. "पित्ताला डॉक्टर कशाला, पित्त काय आज झालंय का?" असं तिनं लेकीला उडवून लावलं होतं. त्यानंतर वाचताना ओळीची सुरुवात सापडेना म्हणून समासावर अंगठा ठेवायची सवय लागली. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून दिवाळीत बघू, असं ठरवून टाकलं होतं.

आणि फळा? फळ्यावर कसं कळलं नाही? कळणार कसं! शिकवत होती ती लिनिअर प्रोग्रॅमिंगची उदाहरणं: कारखान्यात इतकी टेबलं, इतक्या खुर्च्या, लाकूड इतकं, मजूर इतके, तर नफा जास्तीत जास्त कसा. टेबल-खुर्च्या शून्याच्या खाली जात नाहीत, म्हणून सगळं काम उभ्या अक्षाच्या उजवीकडं, पहिल्या चरणात. डावी बाजू कोणी काढतच नाही, बघतच नाही. पोरं तर अक्षसुद्धा कागदाच्या डाव्या कडेला खेटून काढतात, जागा वाया जायला नको म्हणून. पुण्यातल्या झाडून सगळ्या क्लासवाल्यांनी हेच गिरवून घेतलेलं. ह्याच खोडीवर उपाय म्हणून मंदाकिनीनं मे महिन्यात, शाबूत असताना, चाचणीच्या पेपरात एक 'अथवा' घातला होता: तीन सरळ असमानता, सगळ्या डावीकडच्या. जरा जागी होऊ देत कार्टी, म्हणून. पण कार्टी हुशार, त्यांनी ओळखीचा टेबल-खुर्चीचा प्रश्नच घेतला. 'अथवा' घेतला एकटीनं, रुपालीनं, कारण टेबल-खुर्चीचं इंग्रजी लांबलचक होतं आणि लोणी काळभोरच्या मराठी शाळेतून आलेल्या पोरीला ते वाचून होईना. एक्स आणि वाय मात्र तिला वाचता येत होते. तिनं शून्य-शून्य घालून बघितलं असणार, शून्य काही उणे तीनपेक्षा लहान नाही, म्हणजे ही बाजू नव्हे, पलीकडची. आणि पलीकडची बाजू मन लावून रंगवली असणार. मंदाकिनीनं तीन ग्राफ तपासले, तिन्हींवर लाल शाईनं 'अपूर्ण' लिहिलं. 'अपूर्ण' हा शब्द तिनं कागदाच्या उजव्या अर्ध्यात लिहिला होता, ते आता तिला दिसत होतं.

रिक्षात बसल्यावर ती उजवीकडं सरकून बसली आणि मान डावीकडं वळवून बसली. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं. बाहेरून हॉर्न यायचे, ज्या बाजूला रस्ता नव्हता त्या बाजूनं यायचे. रविवारी मंडईत असंच झालं होतं. चालता चालता पाय धाडकन टोपलीत, मेथीच्या जुड्या रस्त्यावर. "वाटेत टोपल्या मांडायला लाज नाही वाटत?" ती ओरडली होती. सुंदराबाई जुनी भाजीवाली, नेहमीची, तिनं जुड्या गोळा करत शांतपणे म्हटलं होतं, "ताई, टोपली सासूच्या टायमापासनं तिथंच हाय. तुमीच आज नवीन आल्यासारख्या करताय." तेव्हा ती सुंदराबाईवर रुसून दुसरीकडून मेथी घेऊन आली होती. आता रिक्षात तिला त्या बाईची इतकी लाज वाटली की तिनं पदर तोंडाला लावला. किती जणांवर ओरडले मी? सोसायटीच्या जिन्यात वरच्या मजल्यावरचे आजोबा "काय मॅडम, ओळख विसरलात" म्हणाले होते. पूर्वा एकदा शेजारी येऊन उभी राहिली तर ही केवढ्यानं किंचाळली होती, आणि वर तिलाच म्हणाली होती, मांजरासारखी येतेस काय! प्रत्येक वेळी जग चुकत होतं, मंदाकिनी मेश्राम बरोबर होती. फळ्यासमोर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला बरोबर असायची सवयच होऊन जाते.

पण सोनबा? रुपालीचा बाप, सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीत कलमं बांधणारा माणूस. त्याला काल तिनंच बोलावून घेतलं होतं. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला, खुर्ची दाखवली तरी बसला नाही. नखांत माती. आणि ती त्याला अगदी गोड आवाजात म्हणाली होती, भल्यासाठीच म्हणाली होती, "हिला गणित झेपायचं नाही हो. आत्ताच आर्ट्सला घाला, वर्ष तरी वाचेल." "तिला त्या कंपूटरच्या कंपनीत जायचं म्हणती," सोनबा म्हणाला, "हडपसरला नवीन बिल्डिंगी झाल्यात ना, बसमधनं रोज बघती." मग स्वतःच हसला. "पर तुम्ही म्हणता तर तसंच. तुम्हाला जास्त कळतंय." हे वाक्य काल तिला बरं वाटलं होतं. आज तेच छातीत अडकलं, खाली जाईना, वर येईना.

कारण ते 'झेपायचं नाही' तिचं नव्हतंच. ते तिला मिळालेलं होतं. भंडाऱ्याकडच्या त्या शाळेत ती, तिचा भाऊ, त्यांच्या वस्तीतली पोरं दाराजवळ बसायची आणि गुरुजींची खुर्ची खिडकीकडं तोंड करून असायची. गुरुजी चांगले होते. कधी मारलं नाही, कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. फक्त त्या बाजूला बघत नसत. उत्तर येत असायचं, हात वर असायचा, वर धरून धरून दुखायला लागायचा, मग दुसऱ्या हाताचा टेकू द्यायचा, आणि गुरुजींची नजर खिडकीपासून यायची, वर्गाच्या मध्यापर्यंत यायची, आणि परत जायची. भिंतीलाच लागल्यासारखी परत जायची. पुढं एकदा बाबांना बोलावून गुरुजी म्हणाले, "मुलगी आहे, गणित काही झेपायचं नाही, शिवणकामाला घाला." बाबा मँगनीजच्या खाणीत होते. छप्पन साली नागपूरला त्या गर्दीत आपल्या बापाच्या खांद्यावर बसून गेलेले, आणि त्या दिवसापासून कुणापुढं मान न वाकवण्याचा त्यांचा निश्चय. ते हात न जोडता म्हणाले होते, "गुरुजी, एकदा फळ्यावर उभी करून बघा तिला. मग बोला." गुरुजींनी उभी केली. तिनं गणित सोडवलं. गुरुजी "बरं" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी नजर पुन्हा मध्यापर्यंतच आली. लहानपणी तिला एक प्रश्न पडायचा, मोठेपणीही पडला, पुण्यात येऊन नोकरी लागली, फ्लॅट झाला, पूर्वा सॉफ्टवेअरमध्ये गेली तरी पडायचा: गुरुजींना आपण दिसत होतो की नव्हतो? दिसून बघत नव्हते, की खरंच दिसतच नव्हतो? आज त्या प्रश्नाला ती घाबरली. कारण रुपाली घरी जाऊन बापाला काय सांगत असेल ते तिला शब्दन्‌शब्द माहीत होतं. आमच्या साइडला बघतच न्हाई.

पूर्वा लवकर आली होती, तिनंच पानं घेतली. मंदाकिनी ताटावर बसली, जेवली, आणि सवयीनं म्हणणार होती की हल्ली ह्या घरात चटणी-कोशिंबीर करायची पद्धत बंदच झाली का. हे ती महिनाभर म्हणत होती. पूर्वा प्रत्येक वेळी "आई, नाटकं नको करूस" म्हणून हसायची, आणि तिला वाटायचं, काय ही आजकालच्या मुलींची उत्तरं. आज तिनं दोन्ही हातांनी ताट धरलं आणि हळूच फिरवलं. उजवीकडं, जिथं भाजी आणि वरणाची वाटी होती तिथं, एकेक गोष्ट यायला लागली: लिंबाची फोड, मीठ, शेंगदाण्याची चटणी, काकडीची कोशिंबीर. पांढरीशुभ्र, वर कोथिंबीर पेरलेली. लेकीनं रोज वाढलेली. रोज उरलेली. "काय गं, ताट का फिरवतेस?" पूर्वानं विचारलं. "असंच." मंदाकिनीनं कोशिंबिरीचा घास घेतला. दह्याचा गार आंबटपणा जिभेवर आला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "मिरची लागली," ती म्हणाली. "कोशिंबिरीत मिरची नाही टाकली," पूर्वा म्हणाली आणि तिच्याकडं बघत राहिली. मग कंपनीतलं काहीतरी सांगायला लागली. ती टेस्टर होती, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा पगार घ्यायची. "लिहिणाऱ्याला स्वतःची चूक कधीच दिसत नाही गं, तो शपथेवर सांगतो सगळं ओके आहे," ती म्हणाली. मंदाकिनीनं मान हलवली. सांगावं का हिला? सांगितलं तर ही आत्ता रिक्षा बोलावेल, हॉस्पिटल, फोटो, मोठे डॉक्टर, आणि उद्या कॉलेजात कळेल. अर्धा फळा दिसणाऱ्या बाईला वर्ग कोण देईल? फळा काढून घेतला तर उरतंच काय आपल्यात? ती घाबरली होती. अगदी लहान पोरासारखी घाबरली होती. अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं सगळं नीट जुळवलं. सकाळी प्राचार्यांना भेटायचं. बेरीज चुकली म्हणायचं. बेरीज कुणाचीही चुकते. मार्क वाढवायचे, पोरगी सायन्सलाच राहील, कुणाचं काही बिघडणार नाही. दुपारी गुपचूप डॉक्टर. ती कुशीवर वळली, आणि कोणत्या कुशीवर वळलो ह्याचाही तिला विचार करावा लागला.

सकाळी प्राचार्यांच्या खोलीत ती गेली तेव्हा ते फोनवर होते. त्यांनी हातानंच बसा म्हटलं. ती बसली. पेपर मांडीवर, त्यावर लाल शाईनं नव्यानं केलेले मार्क. वाक्य तयार होतं: सर, माझी बेरजेत थोडी गफलत झाली. तिनं ते मनात दोनदा म्हणून पाहिलं, चांगलं बसत होतं. प्राचार्यांनी फोन ठेवला आणि विचारलं, "हां मॅडम, त्या लोणीच्या मुलीचं ना? शाखाबदलाचं?" वाक्य आयत्या वेळी जिभेवर येईना, म्हणून जरा वेळ काढायला, जरा सैल व्हायला, रोजच्या सवयीनं ती हसून म्हणाली, "वडील कुठे आलेत अजून? हे लोक वेळेवर येतील तर शपथ!"

प्राचार्य हसले नाहीत. ते तिच्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा कसानुसा झाला. मग तिच्या डाव्या हाताकडून, अगदी जवळून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून, आवाज आला.

"मी हितंच हाय की मॅडम. मगाधरनं. तुम्हाला नमस्कारबी केला."

हे लोक. तिच्या कानांत तिचाच आवाज परत आला, आणि ते दोन शब्द कुणाच्या तोंडून, कुठल्या ओसरीवर, कुठल्या विहिरीपाशी ऐकले होते तेही आलं. सोनबा बोलत होता, हळू, चिडल्याशिवाय; चिडला असता तर बरं झालं असतं. "आमचं काय न्हाई. सही कुठं करायची तेवढं सांगा. पोरगी म्हणत हुती मॅडम आमच्याकडं बघत न्हाईत, मी तिलाच बोललो, म्हटलं मोठी माणसं, त्यांना काय तू एकटी हाईस का." बेरजेचं वाक्य अजून तोंडात होतं. अजूनही म्हणता आलं असतं. अहो, लक्षच नव्हतं, माफ करा, बरं का सर, बेरीज... आणि ह्या माणसानं ते घेतलं असतं, टोपी घालून गेला असता, पोरगी सायन्सला राहिली असती, आणि जन्मभर दोघं समजत राहिली असती की त्या बाईनं समोर उभ्या माणसाकडं बघितलंसुद्धा नाही. जशी ती गुरुजींबद्दल जन्मभर समजत आली होती.

"तिनं बरोबर सोडवलंय," मंदाकिनी म्हणाली. "तुमच्या मुलीनं तिन्ही गणितं बरोबर सोडवलीत. वर्गात एकटीनं. मला दिसली नाहीत. मला ह्या बाजूचं काही दिसत नाही, सोनबा. तुम्ही दिसला नाहीत, ती दिसली नाही. कधीपासून ते मलाही माहीत नाही. सर, तिला सायन्सलाच ठेवा, आणि माझ्या वर्गाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा." प्राचार्य अर्धवट उठले, "मॅडम, अहो, पाणी..." असं काहीतरी म्हणाले.

कपाटाशी चपला सरकल्याचा आवाज झाला. "मग मी तिकडनं येऊ का?" सोनबा म्हणाला. त्याचा आवाज एकदम घरातला झाला होता, आजाऱ्याशी बोलावं तसा. "त्या अंगाला उभा राहतो की. तिकडनं दिसंल ना तुम्हाला?"

"नका," ती म्हणाली. "तिथेच थांबा. मी वळते."

आणि तिनं मान वळवली, मान पुरेना तेव्हा खांदे वळवले, खुर्चीसकट वळली. आधी भिंत आली, मग कपाटाची कड, मग एक कोपर, धुवून पिवळा पडलेला सदरा, छातीशी दोन्ही हातांत धरलेली टोपी. त्याच्या मागं दारात रुपाली उभी होती. तिचा हात वर होता.